थेट आला की टप्पा खाऊन?

किनवट तालुक्यात सपाट रान आयतं मिळत नाही. डोंगर, सागाचं जंगल, मुरमाड उतार. काळं ओलिताचं रान काय ते पैनगंगेच्या नि ओढ्यांच्या काठाने. तिथंही या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत वीतभर चढउतार ठरलेलाच. पाणी सोडलं की खालच्या कोपऱ्यात हरभरा पिवळा पडतो आणि वरच्या कोपऱ्यात ढेकूळसुद्धा भिजत नाही. पूर्वी यावर बैलांची केणी होती, मग ट्रॅक्टरचं पातं आलं, आणि आता लेझर लेव्हलर. भारतात हे यंत्र २००१ साली पश्चिम उत्तर प्रदेशात पहिल्यांदा उतरलं, मग पंजाब-हरियाणाच्या भातखाचरांत पसरलं. आपल्याकडे अजून पाव्हणाच आहे, पण पाव्हणा कामाचा आहे.

यंत्राचं काम बघायला सोपं. रानाच्या कडेला उंच तिपाई. तिच्यावर लेझरची पेटी, आणि पेटीचं डोकं मिनिटाला ६०० फेरे घेतंय. एक किरण, पण इतका गरगर फिरतो की सगळ्या रानावर प्रकाशाचं एक सपाट छत तयार होतं. डोळ्यांना ते दिसत नाही. ट्रॅक्टरमागच्या बकेटवर लोखंडी दांडा, दांड्याच्या टोकाला रिसीव्हर. छताचा किरण रिसीव्हरच्या मधोमध लागला की बकेट आहे तिथंच राहते. किरण वरच्या अंगाला लागला तर बकेट उचलली जाते, खालच्या अंगाला लागला तर खाली दबते. चालकाने फक्त स्टिअरिंग धरायचं. रान साधारण दोन सेंटिमीटरच्या आत सपाट होतं.

गडबड एकच. रिसीव्हरला किरण समजतो, किरणाचं गाव समजत नाही. पेटीतून सरळ आलेला आणि शेतातल्या आखाड्याच्या पत्र्याच्या दारावर टप्पा खाऊन आलेला, दोन्ही त्याला सारखेच. टप्पा खाल्लेल्या किरणाच्या नादी लागून बकेट मध्येच ढुसणी मारते, नाहीतर मातीचा ढीग सोडून पुढे जाते. हा खरा-खोटा ओळखायचा कसा, यासाठी यंत्र बनवणाऱ्यांनी केलेल्या युक्त्या लेझरपेक्षाही मजेशीर आहेत.

एक सेंटिमीटर, चार टँकर

आधी हिशोब. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर फक्त एक सेंटिमीटर पाणी उभं करायचं तर ४० हजार लिटर लागतात. दहा हजारी टँकर धरले तर चार. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा डब्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे एका एकरातला एका सेंटिमीटरचा उंचवटा बुडवायला त्या गाडीचा जवळजवळ एक डबा रिकामा करावा लागेल. मराठवाड्यात यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही.

थोडा वाकडा तोच वाईट

वाटतं असं की चकचकीत वस्तू दिसली की धोका. तसं नाही. उतरत्या छपराचे पत्रे कितीही चमकोत, ते बहुधा निरुपद्रवी असतात. छपराचा उतार यंत्राकडे असला, तर त्यावर आपटलेला आडवा किरण थेट आभाळाकडे जातो आणि वीस मीटरवर पोचेपर्यंत रिसीव्हरच्या कितीतरी वरून निघून गेलेला असतो.

एकदम ओळंब्यात असलेली काचही प्रकाशाच्या सपाट छताला त्रास देत नाही. आडवा किरण उभ्या काचेवर आपटला तर आडवाच परततो, त्याच उंचीवर. खोटा असूनही उत्तर खरं देतो.

घात करते ती किंचित कललेली वस्तू. आरसा जेवढा कलतो त्याच्या दुप्पट किरण कलतो, हा शाळेतला नियम इथं रानात उतरतो. दोन मीटर उंचीचं दार ओळंब्यापासून फक्त पाच मिलिमीटर बाहेर असलं, तर त्यावरून आलेला किरण वीस मीटरवर दहा सेंटिमीटर वर किंवा खाली सापडतो. पाच मिलिमीटर! आपल्याकडची किती दारं तेवढी तरी ओळंब्यात असतात? कुणाच्या बांधकामावर बोट नको, पण शेतातलं दार हे बहुतेक शेवटी उरलेल्या पैशांत बसवलेलं असतं.

त्यातून रानाला मुद्दाम ढाळ द्यायचा असेल तर ओळंब्यातलं दारही शत्रू. समजा शंभर मीटरला वीस सेंटिमीटरचा ढाळ लावलाय. किरण चढत चढत दारापर्यंत गेला, आपटला, आणि परतताना उतरायचं सोडून चढतच राहिला. दारापासून वीस मीटर मागे रिसीव्हर असेल, तर तिथं खरं छत चार सेंटिमीटर खाली आहे आणि हा बहाद्दर चार सेंटिमीटर वर. फरक आठ.

नालीदार पत्र्याची तऱ्हा आणखी वेगळी. नाल्या उभ्या असतील तर किरण आडवा पसरतो, उंची फारशी बिघडत नाही. पत्रा आडवा ठोकला असेल तर तोच किरण वर-खाली फाकतो, आणि मग रिसीव्हरला नाना उंचीचे इशारे मिळायला लागतात. पत्रा कसा ठोकावा याचा हा निकष कुठल्याही मिस्त्रीने ऐकलेला नसावा.

सहा किलोमीटर, दर सेकंदाला

सेकंदाला दहा फेरे म्हणजे फार वाटत नाही. पण तिपाईपासून शंभर मीटरवर तो ठिपका सेकंदाला सव्वासहा किलोमीटर वेगाने पळत असतो, रायफलच्या गोळीच्या सहापट तरी जोरात. एक सेंटिमीटर रुंदीच्या फोटोडायोडवरून जायला त्याला सेकंदाचा सुमारे सहालाखावा भाग लागतो. रिसीव्हर तेवढ्यात त्याला पकडतो, उंची मोजतो आणि हायड्रॉलिकला हुकूम देतो. (हाच किरण चंद्रापर्यंत टिकला असता तर चंद्रावर त्याचा ठिपका प्रकाशाच्या ऐंशीपट वेगाने सरकला असता. आइन्स्टाईनला काही अडचण नाही. ठिपका म्हणजे वस्तू नव्हे, दर क्षणी नवाच प्रकाश तिथं पोचत असतो.)

या घाईतच पहिली युक्ती दडलीय. थेट किरण दर ०.१ सेकंदाला एकदा येणार, ठोक्यावर. त्या दोन ठोक्यांच्या मध्ये आणखी एक चमक आली तर ती उपरी. रिसीव्हर मग पुढच्या ठोक्याच्या वेळेपुरतंच दार उघडतो, बाकी वेळ बंद. ट्रॅक्टर चालता असला तरी थेट किरणाची वेळ फेऱ्यागणिक नखभर सरकते. टप्प्याची चमक मात्र ट्रॅक्टर दारासमोरून सरकला की आली तशी गायब होते.

दुसरी खूण चमकेच्या लांबीत. टप्पा खाल्लेला किरण वळसा घालून येतो, म्हणजे पेटी जणू अधिक लांब उभी आहे असा त्याचा ठिपका अधिक वेगाने पळतो आणि चमक आखूड पडते. तिसरी खूण जोराची. साधी काच समोरून आलेला प्रकाश दोन्ही पृष्ठभाग मिळून आठ टक्क्यांच्या आसपास परतवते, पाणी दोनच टक्के. तेव्हा दुबळा किरण सोडून द्यावा, हा नियम सोपा. पण पत्रा तेवढा भिकारी नसतो, आणि फक्त जोरावर निवाडा करणारं यंत्र चकचकीत नव्या पत्र्यापुढे हरतं.

आरशातला उलटा

आता सगळ्यांत सुंदर युक्ती. आरशात काय होतं? पेटीचं डोकं वरून बघता डावीकडून उजवीकडे फिरत असेल, तर आरशातलं डोकं उजवीकडून डावीकडे फिरतं. म्हणजे टप्पा खाल्लेला किरण रिसीव्हरवरून उलट्या दिशेने सरकतो. शेजारी शेजारी दोन फोटोडायोड ठेवले आणि आधी कुठला उजळला एवढं पाहिलं, तरी कळतं.

हेच उलटणं प्रकाशाच्या अंगातही घडवता येतं. प्रकाशाची लहर पुढे जाताना मळसूत्रासारखी वळत जाईल अशी व्यवस्था करता येते. याला वर्तुळाकार ध्रुवीकरण म्हणतात. वळण उजवं किंवा डावं. पेटीतून उजव्या वळणाचा किरण सोडायचा आणि रिसीव्हरवर फक्त उजवं वळण आत घेणारी गाळणी बसवायची. टप्पा खाल्ला की वळण डावं होतं, गाळणी त्याला बाहेर ठेवते. ना हिशोब, ना घड्याळ.

या युक्तीत दोन भोकं आहेत, आणि मला ती युक्तीइतकीच आवडतात. एक, दोन टप्पे खाऊन आलेला किरण पुन्हा उजवा होतो आणि रुबाबात आत शिरतो. फिरण्याची दिशासुद्धा दोन टप्प्यांनी मूळपदावर येते. दोन, काचेला किंवा पाण्याला किरण अगदी घासून गेला तर वळण पालटतच नाही. काचेसाठी ही हद्द पृष्ठभागावरच्या लंबापासून साधारण ५६ अंशांवर आहे, पाण्यासाठी ५३. त्यापलीकडे तिरका आलेला किरण टप्पा खाऊनही उजवाच. म्हणून चांगल्या यंत्रात एका खुणेवर भिस्त नसते. वेळ, जोर आणि वळण तिन्ही तपासलं जातं.

घरच्या घरी हा प्रयोग करायचा असेल तर थ्रीडी सिनेमाचा चष्मा शोधा, आजकालच्या बहुतेक थिएटरांत वापरतात तो. चष्मा घाला, आरशासमोर उभं राहा, एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यासमोरची काच तुम्हाला काळीठिक्कर दिसेल, आणि मिटलेला डोळा मात्र स्वच्छ दिसेल. तुमच्या उघड्या डोळ्यापासून निघालेला प्रकाश आरशावर उलटला आणि स्वतःच्याच काचेने त्याला अडवलं. लेव्हलरचा रिसीव्हर दिवसभर हेच करतो.

वरूनही तेच

भूमी अभिलेखवाले मोजणीला रोव्हर घेऊन येतात, तो उपग्रहांचे संदेश ऐकतो. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून जे संदेश सोडतात ते उजव्या वळणाचेच असतात, आणि रोव्हरचा अँटेना उजव्याच वळणासाठी केलेला असतो. टाकीवर, पत्र्यावर, डोंगराच्या ओल्या कातळावर आपटून आलेला संदेश बराचसा डावा झालेला असतो, तो गळतो. धुऱ्याचा दगड हातभर इकडे की तिकडे यावर ज्या गावात दोन पिढ्या कोर्टात जातात, तिथं ही गाळणी म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

विमानाचा माग काढणारी रडारंही गरजेला हेच करतात. पावसाचा गोल थेंब रडारच्या लहरीचं वळण उलटवून परत पाठवतो, विमानाचा वेडावाकडा आकार मिश्र वळणाचं परत पाठवतो. उलटलेलं वळण गाळलं की पाऊस पुसट होतो आणि विमान उरतं.

मिस्त्रीचा हात

शहरात लेझर दिसतो तो फरशीवाल्याकडे. हिरवी आडवी रेघ भिंतभर पडते आणि तिच्यावर टाइल बसत जाते. हिरवी का? माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्याला सगळ्यांत तिखट. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा तेवढ्याच ताकदीच्या ६३५च्या लाल किरणापेक्षा चौपट उजळ दिसतो.

चकाकणाऱ्या टाइलवर, ग्रॅनाइटच्या ओट्यावर, मोरीतल्या आरशावर हीच रेघ पडली की खोलीत दुसरी रेघ उमटते. कधी तिसरीही, कारण आरशाची काच पुढून थोडी आणि मागच्या चांदीवरून बरीच चमकते. मग टाइल कुठल्या रेघेवर लावायची? मुरलेला कारागीर तळहात आडवा धरतो. यंत्राच्या तोंडापुढे धरला तर सगळ्याच रेघा जातात, काही कळत नाही. हात संशयित टाइलच्या अगदी जवळ धरायचा. जी रेघ विझली ती खोटी, जी राहिली ती थेट. ओल्या पोत्याने किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोणीने आरसा झाकला की प्रश्न मिटतो. हाताने धरायच्या रिसीव्हरला तोंड एकाच बाजूला असतं, त्यामुळे पाठीमागून आलेला किरण कारागिराच्या छातीवरच अडतो. ट्रॅक्टरवरच्या रिसीव्हरला हे सुख नाही. ट्रॅक्टर चहूकडे वळतो, म्हणून तो चहूबाजूंनी उघडा ठेवावा लागतो, आणि म्हणून चहूबाजूंचा कचरा त्याच्या नशिबी.

रानातही उपाय गावठीच चालतात. तिपाई उंच करायची, किरण ट्रॅक्टरच्या टपावरून गेला पाहिजे. आखाड्यापासून लांब उभी करायची. जीप, मोटारसायकली किरणाच्या उंचीत ठेवायच्या नाहीत. आणि दारावर पोतं.

ट्रॉलीवर चिकटवलेल्या रेडियमच्या पट्टीला मात्र घाबरायचं कारण नाही. ती प्रकाश आला त्याच वाटेने परत पाठवते, म्हणजे पेटीकडे. रिसीव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही.

बारा वाजताचं ऊन

लाख लक्सच्या उन्हात एवढासा किरण रिसीव्हरला सापडतो कसा? ऊन संथ असतं, एकसारखं. किरण लुकलुकतो. रिसीव्हर संथ प्रकाश बाजूला सारून फक्त झटके मोजतो. खोलीतली रेघवाली यंत्रं रिसीव्हरसोबत वापरायची असली की त्यांनाही सेकंदाला हजारो वेळा लुकलुकायला लावतात. डोळ्यांना रेघ किंचित मंद दिसते, एवढाच फरक. उलट, संध्याकाळी लावलेला साधा बल्ब किंवा एलईडी पन्नास हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभरदा मिणमिणतो आणि स्वस्तातल्या रिसीव्हरला चकवतो. सूर्यापेक्षा बल्ब जास्त त्रासदायक!

दुपारचा त्रास दुसराच. काळं रान तापलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि थेट आलेला किरणही नाचत येतो. त्याला कुठलीही गाळणी अडवत नाही, कारण तो खोटा नाहीच. सकाळचं काम सरस उतरतं ते यामुळे.

हदगावच्या रेखांशावर

किरणाच्या या नाचाचा अनुभव याच पट्ट्यात दोनशे वर्षांपूर्वी घेतला गेलाय. भारताची लांबी मोजणारी 'ग्रेट आर्क' ही रेषा ७७ अंश ३९ मिनिटांच्या रेखांशाजवळून उत्तरेकडे चढत गेली. नकाशा उघडून बघा, हदगाव जवळजवळ त्यावरच बसलंय आणि किनवट थोडं पूर्वेला. सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टन हे काम पुढे नेत असताना २० जानेवारी १८२३ला हिंगणघाटला वारला. मागून जॉर्ज एव्हरेस्टने बीदरजवळच्या दामरगिड्ड्यापासून (१८ अंश ३ मिनिटं) वरचा टप्पा मोजला. दिवसा धुरकट हवेत न दिसणारी टेकडी रात्री दिव्याने दिसते, कारण रात्री हवेत किरण वाकून येतो, हे त्याने हेरलं आणि रात्री निळे दिवे पेटवून कोन मोजले.

पुढे त्याने हेलिओट्रोपही आणले. हे यंत्र म्हणजे उन्हाचा कवडसा दूरच्या टेकडीवर नेमका पाठवणारा आरसा. ते गणितज्ञ गाऊसने १८२१मध्ये तयार केलं. कल्पना सुचली ती हांबुर्गच्या चर्चच्या खिडकीवरून लांबवर चमकलेल्या उन्हामुळे. जी चमक मोजणाऱ्याच्या डोळ्यात खुपते, तीच त्याने मोजणीची खूण करून टाकली.

भारतीय यंत्रावरही अशी एक चमक मुद्दाम नेलेली आहे. चांद्रयान-३च्या विक्रम लँडरवर नासाचं पाच सेंटिमीटरचं, आठ लोलकांचं परावर्तक बसवलंय. १२ डिसेंबर २०२३ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने शंभर किलोमीटरवरून त्यावर लेझर मारला आणि टप्पा खाऊन आलेला किरण पकडला.

औंढ्याचे चार किलोमीटर

मराठवाड्यातला सगळ्यांत मोठा लेझर उभा राहणार आहे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. नामदेवांसाठी देऊळ फिरलं अशी आख्यायिका आहे तेच औंढा. लायगो-इंडिया या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर, आत निर्वात पोकळी आणि टोकांना आरसे. इथं लेझर मुद्दाम टप्पे खातो, एकेका नळीत शेकडो वेळा, म्हणजे चार किलोमीटरची नळी प्रकाशाला हजारभर किलोमीटरची होते. गुरुत्वीय लहर आली की दोन नळ्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी कमी फरक पडतो, तो त्यातून मोजायचा. पण टप्पे पाहिजेत तेवढेच. नळीच्या भिंतीवरून चुकून परतलेला एखादा कवडसाही मोजमाप नासवतो, म्हणून अशा नळ्यांत जागोजागी भटका प्रकाश गिळणारे आडपडदे बसवतात.

आणि ती जमीन लेव्हल करताना पाणीनळी चालणार नाही. पाण्याची पातळी पृथ्वीबरोबर वाकते, निर्वात नळीतला लेझर वाकत नाही. शंभर मीटरच्या रानात हा फरक मिलिमीटरही भरत नाही, किलोमीटरला आठ सेंटिमीटर होतो, आणि चार किलोमीटरला सव्वा मीटर.